पुढील तारीख नाही

संपादकांनी फोनवर सांगितलं, "राठोडबाई, कोर्टातले मजेशीर किस्से लिहा. दिवाळीचा अंक आहे." मी हो म्हणाले. लिहायला बसले आणि आतापर्यंत चार वेळा उठले. एकदा नळ बंद आहे का बघायला, एकदा गॅस, एकदा फाटकापर्यंत उगाच. चौथ्यांदा कशाला उठले ते आठवत नाही. तेहेतीस वर्षं एका खुर्चीवर काढलेल्या बाईला आता अर्धा तास बसवत नाही, याचं घरच्यांना हसू येतं.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी कारकून होते. कोर्ट कोणतं ते लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. शेवटची बरीच वर्षं मी न्यायाधीशांच्या मंचाखाली बसणारी बेंच क्लार्क होते. रोज कोणत्या केसेस चालणार त्याचा बोर्ड लावायचा, दिवसभरात कोर्टात काय झालं ते रोजनाम्यात यायला हवं, आणि प्रत्येक केसच्या पुढं 'पुढील तारीख' लिहायची. वकील काहीही म्हणोत, कोर्ट चालतं ते या शेवटच्या रकान्यावर. तारीख आहे तोवर केस जिवंत.

आमच्या तांड्यावरची मी पहिली पदवीधर, पुरुष धरूनसुद्धा. हे मी सगळीकडं सांगते, इथंही सांगते. माझा बाप चराईच्या भांडणात साक्षीदार होता. त्या एका साक्षीसाठी त्यानं कोर्टाच्या नऊ चकरा मारल्या. दरवेळी दिवसभर बाहेर उभा राहायचा, आणि संध्याकाळी कोणीतरी सांगायचं, आज नाही. नोकरी लागली तेव्हा मी एक ठरवलं होतं. माझ्या टेबलापाशी आलेल्या माणसाला उत्तर मिळेल, आणि त्याला फुकटची चक्कर पडणार नाही. हे मी पाळलं. पाळलं म्हणूनच पुढचं घडलं, असंही म्हणता येतं.

आधी मजेचा किस्सा सांगून टाकते, म्हणजे कबूल केलेलं होईल.

कायदा असा आहे की ज्याला आपल्यावर काय आरोप आहे हेच समजत नाही, त्याच्यावर खटला चालवायचा नाही. आरोपी तसा वाटला तर न्यायाधीश आधी स्वतः चार प्रश्न विचारून पाहतात, मग सरकारी डॉक्टरांकडं पाठवतात. डॉक्टर म्हणाले आजार आहे, तर खटला थांबतो आणि आरोपी उपचाराला जातो. त्याची मर्जी विचारली जात नाही. बरा झाला की परत येतो आणि थांबलेला खटला पुढं चालतो. आता ही बातमी चोरांनाही असते. मोटरसायकली चोरणारा एक जण एकदा वेडाचं सोंग घेऊन आला. साहेबांनी विचारलं, आज वार कोणता? तो म्हणाला, पोळा. शेजारी कोण उभं आहे? भल्या मोठ्या मिशांच्या हवालदाराकडं बघून म्हणाला, माझी आजी. साहेबांनी मान हलवली आणि शिपायाला सगळ्यांना चहा सांगायला लावला. तर हा लगेच शिपायाला म्हणाला, "माझा बिनसाखरेचा सांगा, शुगर हाय मला." साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

उलटही व्हायचं. एका म्हाताऱ्याला विचारलं, मुख्यमंत्री कोण? तो म्हणाला, "सकाळपासून पेपर न्हाई पाह्यला साहेब, तवा कसं सांगू?" कोर्ट हसलं. माणूस पुरता शहाणा होता.

मारोतीच्या वेळी कोणी हसलं नाही.

मारोती पुसेगावच्या पुढच्या एका खेड्यातला. वय तिशीच्या आसपास, लग्न झालेलं नव्हतं, आईबाप गेलेले, असलेली जमीन चुलतभाऊ बालाजीच्या शेजारी. त्यानं भरदिवसा बालाजीची सोयाबीनची गंजी पेटवली. बालाजी विझवायला धावला तर कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याचा हात मोडला. काहून, असं पोलिसांनी विचारलं तर म्हणे गंजीखाली माणसं पुरलेली आहेत आणि ती मला हाका मारून राहिली.

आमच्या कोर्टात आणलं तेव्हा तो आरोपीच्या पिंजऱ्याकडं सरळ चालत आला नाही. मधेच एक फरशी त्यानं लांब ढांग टाकून ओलांडली. साहेबांनी विचारलं, असं का चाललास? तो हळूच म्हणाला, "झोपलंय ना कोणीतरी." मी त्या फरशीकडं पाहिलं. माझ्या टेबलाच्या बाजूचीच होती.

डॉक्टरांकडं गेला, कागद आला, खटला थांबला. साहेबांनी आदेश केला आणि पोलीस त्याला मोठ्या शहरातल्या मनोरुग्णालयात घेऊन गेले. तीन गाड्या बदलून जावं लागतं इतकं ते लांब.

त्याच्या मागं एकच माणूस होतं, बहीण गयाबाई. तिला आखाडा बाळापूरला दिलेली. तिचं बाजारात बांगड्यांचं दुकान, म्हणजे चार बांबू आणि वर ताडपत्री. दर महिन्याला दुकान बंद ठेवून ती यायची आणि माझ्या टेबलापाशी उभी राहायची. "बाई, माझ्या भावाची तारीख कवाची?" एवढंच विचारायची. तारीख लागलेली असायची, पण तिचा उपयोग नसायचा. त्या दिवशी पुकारा व्हायचा, आरोपी हजर नसायचा, मी पुढची तारीख लिहायची.

चार-पाच वेळा झाल्यावर मला माझा बाप आठवला. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. म्हणाले, गयाबाई, तो बरा झाला की दवाखाना कोर्टाला पत्र पाठवील. मग आम्ही त्याला बोलावून घेऊ आणि तुम्हाला निरोप देऊ. तुमचा धंदा बुडतो. तुम्ही चकरा मारू नका.

तिनं माझे दोन्ही हात धरले. इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं म्हणाली. त्या दिवशी मी घरी गेले ती खुशीत गेले.

त्यानंतर तपासणी आली. तपासणी म्हणजे वरच्या कोर्टाकडून येऊन कोणाकडं किती केसेस पडून आहेत ते पाहतात. आमच्याकडं एक सोय असते, डॉर्मंट फाईल, म्हणजे झोपवलेली. आरोपी वर्षानुवर्षं फरार असेल तर दर महिन्याला त्याच्या नावाचा पुकारा करण्यात अर्थ नसतो. ती केस बोर्डावरून काढून रेकॉर्डच्या खोलीत ठेवतात. सापडला की परत काढतात. मारोती फरार नव्हता, सरकारच्याच ताब्यात होता. पण बोर्डावर त्याच्यापुढं नुसत्या तारखा चढत होत्या. मी टिपण लिहिलं, साहेबांनी सही केली आणि केस डॉर्मंटला गेली. पुढील तारखेच्या रकान्यात मी आडवी रेघ मारली. अशा बऱ्याच केसेस मी त्या वर्षी शोधून काढल्या. तपासणीच्या शेऱ्यात माझ्या टेबलाचं कौतुक आलं. तो शेरा मी झेरॉक्स करून घरी ठेवला होता.

पुढं साहेब बदलले, नवीन मॅडम आल्या. कायद्याच्या कलमांचे आकडेसुद्धा बदलले, आम्ही ते पाठ करत बसलो.

मग एके दिवशी गयाबाई आली. मी आधी ओळखलंच नाही, केस पांढरे झालेले. नवऱ्याला लकवा झाला होता, दुकान तिच्या एकटीवर होतं. मधे एकदाच दवाखान्यात जाऊन आली होती, पहिल्याच वर्षी. भावानं तोंड फिरवून घेतलं होतं, मग परत जायचा धीर झाला नाही. आता पोरीचं लग्न ठरलं होतं, एकवीस दिवसांवर आलं होतं.

"पोरीच्या पाठीमागं मामा उभा राह्यला पाहिजे ना बाई," ती म्हणाली. "एकच मामा हाय. आजून बरा न्हाई झाला का?"

मी विचारलं, इतके दिवस का आला नाहीत?

"तुमी म्हणल्या व्हत्या ना, चकरा मारू नका. म्हून न्हाई आले."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं ऐकलं होतं, इतकंच. मी तिला बसवलं आणि रेकॉर्डच्या खोलीत गेले. फाईल काढायला शिपाई असतो. मी स्वतः शिडी चढले.

फाईलच्या वरच दोन पत्रं होती. टाचणीनं लावलेली, अगदी व्यवस्थित. पहिल्यात दवाखान्यानं लिहिलं होतं की सदर इसम आता स्वतःचा बचाव करण्यास सक्षम आहे, पुढील आदेश व्हावेत. दुसरं त्यानंतर आठ महिन्यांनी आलेलं, पहिल्याची आठवण देणारं. पहिलं पत्र येऊन चौदा महिने झाले होते.

असं कसं झालं, हे मला बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. कोर्टातल्याला सांगावं लागत नाही. टपाल येतं, आवक कारकून केसचा नंबर पाहून पुढची तारीख शोधतो आणि त्या तारखेच्या गठ्ठ्यात पत्र ठेवतो. या केसला तारीखच नव्हती. मग त्यानं रजिस्टर पाहिलं, डॉर्मंट दिसलं, पत्र डॉर्मंटच्या फाईलला लावलं. त्याचं काम बरोबर झालं. पत्र योग्य फाईलमध्ये होतं. फक्त ती फाईल कोणी उघडणार नव्हतं.

पहिल्या पत्राच्या कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहून खाली छोटी सही होती. टपालाचा गठ्ठा सकाळी माझ्यापुढून जायचा, मी चहा पिता पिता सह्या करायची. सही माझी होती.

गयाबाईला मी एवढंच सांगितलं की तुमचा भाऊ बरा आहे, कागद करते, आणते त्याला. लग्नाआधी येईल का, असं तिनं विचारलं. मी बघते म्हणाले.

आमचे अधीक्षक कुलकर्णी. माझ्याबरोबरच नोकरीला लागलेले, भला माणूस. दार लावून त्यांना दोन्ही पत्रं दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाई, आठ महिने राहिलेत तुमच्या रिटायरमेंटला. ही पत्रं आहेत तिथंच राहू द्या. दवाखान्याला साधं पत्र टाका, आरोपीची सद्यस्थिती कळवा म्हणून. ताजा रिपोर्ट येईल, तो मॅडमपुढं ठेवा. माणूस सुटेल आणि कोणाला काही बोट दाखवता येणार नाही."

मी तसंच केलं.

हे वाक्य लिहून मी पाचव्यांदा उठले होते. तसंच केलं. तेहेतीस वर्षांत मी कोणाचा रोजनामा बदलला नाही, वकिलाची मिठाई घरी नेली नाही, हे छाती पुढं काढून सांगत आले. आणि आठ महिने राहिले असताना मी एक साधं पत्र टाकलं आणि उत्तराची वाट पाहत बसले. बसले कसली, दिवसातून तीनदा आवक टेबलाकडं जायची. आवकवाल्याला वाटलं माझ्या मुलाची नोकरीची ऑर्डर येणार आहे. घरी ताट वाढलेलं ठेवून मी अंगणात फेऱ्या मारायची. दवाखान्याला फोन लावला, तिथला कारकून म्हणाला, पत्र मिळालं, डॉक्टर रजेवर आहेत, आल्यावर तपासतील, मग लिहितील. तो माझ्यासारखाच होता. नीट बोलला.

अकराव्या दिवशी गयाबाई पत्रिका घेऊन आली. हळदीचं बोट लावलेली पत्रिका कोर्टाच्या टेबलावर ठेवली. त्यात मामाच्या जागी मारोतीचं नाव छापलेलं होतं. "नाव टाकलंय," म्हणाली. "आता तुमच्या हातात."

ती गेल्यावर मी टिपण लिहायला घेतलं. पहिलं पत्र कोणत्या दिवशी आलं, दुसरं कोणत्या दिवशी आलं, ती मॅडमपुढं का ठेवली गेली नाहीत, केस डॉर्मंटला टाकण्याचं टिपण कोणाचं होतं, पहिल्या पत्रावर सही कोणाची आहे. कुलकर्णींनी वाचलं आणि एवढंच म्हणाले, अकरा दिवसांपूर्वीच्या आपल्या पत्राबद्दल लिहू नका, ते गरजेचं नाही. ते मी लिहिलं नाही.

मॅडमनी टिपण दोनदा वाचलं. वयानं माझ्या मुलीएवढ्या असतील. ओरडल्या नाहीत. खाली मान घालून त्यांनी त्याच दिवशी आरोपीला हजर करण्याचा आदेश केला, आणि दुसऱ्या कागदावर मला कारणे दाखवा नोटीस काढली. दोन्ही कागद टाइप करायला माझ्याकडंच आले. नोटीस मीच टाइप केली, मीच जावक केली, मीच घेतली.

पण आदेश झाला म्हणून माणूस येत नाही. आणायला पोलीस पार्टी लागते, गाडी लागते, आणि तेव्हा बंदोबस्त होता. मी पोलीस ठाण्यात रोज जायची. ठाणे अंमलदार म्हणाला, "बाई, तुमचा कोणी नातेवाईक हाय का तो?" चौदा दिवस गेले.

अकरा आणि चौदा, पंचवीस. लग्न एकविसाव्या दिवशी होऊन गेलं.

मारोतीला आणलं तेव्हा तो अंगानं भरला होता, दाढी केलेली, बोटं थोडी थरथरत होती, गोळ्या घेणाऱ्यांची थरथरतात तशी. दारातून पिंजऱ्यापर्यंत सरळ चालत आला. मॅडमनी विचारलं, तुमच्यावर काय आरोप आहे माहीत आहे का? तो म्हणाला, "व्हय. बालाजीची गंजी जाळली, हात मोडला. तवा मला बराबर कळत नव्हतं. आता कळतंय."

गयाबाईनं हमीपत्र दिलं की भावाला औषधं देईन, त्याच्याकडून कोणाला इजा होणार नाही याची काळजी घेईन, कोर्ट बोलावील तेव्हा हजर करीन. अंगठा नाही, सही केली, हळूहळू. बालाजीही आला होता, सोडू नका म्हणायला. हात कोपरात वाकडा तो वाकडाच राहिला होता. मॅडमनी त्याला बोलू दिलं. तो म्हणाला, "मला भ्या वाटतं साहेब. खोटं कशाला सांगू. गावात नगं. बाळापूरला ताईपाशी राहू द्या." मग मारोतीकडं न बघताच म्हणाला, "लग्नात पोरीच्या मागं मी उभा राह्यलो. हात वर व्हत न्हाई, पण राह्यलो."

मारोती कठड्याला धरून उभा होता. लग्न झालं हे त्याला तिथं कळलं. त्यानं बहिणीकडं पाहिलं. ती पदरानं पेन पुसत होती, माझं पेन, परत देण्यासाठी.

खटला पुढं चालला. डॉक्टरांची साक्ष झाली, आणि घटनेच्या वेळी त्याला आपण काय करतो ते समजत नव्हतं असं म्हणून मॅडमनी त्याला निर्दोष ठरवलं. बहिणीच्या ताब्यात दिलं, दर महिन्याला औषधाला नेण्याच्या अटीवर. मला लेखी ताकीद मिळाली, सेवापुस्तकात गेली. निरोप समारंभात कुलकर्णी बोलले, निष्कलंक सेवा म्हणाले. मी टाळ्या संपायची वाट पाहत होते.

रिटायर झाल्यावर माझ्या डोक्यात एकच हिशेब फिरायचा. चौदा महिने, ते कोर्टाचं. पद्धत तशी, टपाल तसं, तपासणीचा दबाव तसा; एवढ्या कारभारात होतं. पण ते अकरा दिवस माझे. पत्रं हातात असताना, पोरगी बोहल्यावर चढणार हे माहीत असताना मी आपलं सेवापुस्तक सांभाळलं. ते गयाबाईला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. भाजी निवडताना, बसमध्ये, नातवाला झोका देताना मला ते अकरा दिवस टोचायचे. शेवटी गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी मी बाळापूरची गाडी पकडली.

ताडपत्रीखाली गयाबाई बसली होती आणि मागं मारोती मापाप्रमाणे बांगड्या दोऱ्यात ओवून ठेवत होता. बाई आल्या, बाई आल्या, असं तिचं झालं. शेजारच्या दुकानातून चहा आणला. बांगड्या भरल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाली आणि माझा डावा हात मांडीवर ओढून घेतला. मारोतीनं हाताकडं एक नजर टाकून बरोबर माप काढून दिलं.

"हात ढिला सोडा, बाई," गयाबाई म्हणाली. "किती आवळून राहिल्या. काच लागंल."

तिसरी बांगडी चढत होती तेव्हा मी सांगितलं. कुलकर्णींच्या खोलीपासून पत्रिकेपर्यंत सगळं. अकरा दिवस मी मुद्दाम घालवले, नाहीतर तुमचा भाऊ लग्नाच्या आठवडाभर आधी आला असता, असं स्पष्ट म्हणाले. रडले नाही. ते अकरा दिवस माझे आहेत गयाबाई, असं म्हणाले.

गयाबाईचा हात थांबला नव्हता. चौथी, पाचवी चढवत होती. मारोतीनं दोरा खाली ठेवला.

"अकराच काहून धरता, बाई?" तो म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता, मला समजत नसेल म्हणून सांगत असावा तसा. "डॉक्टरनं माझ्यासमोर पत्र लिहिलं. म्हणला, आता बोलावतील. तवापासून मी रोज आंघोळ करून, कपडे घालून बसत व्हतो. पत्र गेलं तवापासून धरा की."

बाजारात हळदीची पोती उतरत होती, हमाल ओरडत होते. मला पत्राच्या कोपऱ्यातली ती सही दिसत होती, चहाचा कप बाजूला ठेवून केलेली. चौदा महिने मी कोर्टाच्या नावावर टाकून मोकळी झाले होते, आणि अकरा दिवसांची कबुली घेऊन इतक्या लांब आले होते, माफी मागायला.

मी म्हणाले, "व्हय. तवापासून."

मारोतीनं मान हलवली आणि दोरा पुन्हा उचलला. गयाबाईनं शेवटची बांगडी चढवली आणि माझा डावा हात माझ्या मांडीवर ठेवला.

"दुसरा द्या," ती म्हणाली.